सायीची पाटी

पेडणेकर काका मला पहिल्यांदा ओरडले ते एका टोमॅटोवरून.

आम्ही मुलुंडच्या त्या बिल्डिंगमध्ये नुकतेच राहायला आलो होतो. मी घरून जेवणाचे डबे देते. तेव्हा कामाचा पसारा नवीन होता आणि वारा यावा म्हणून मी दार उघडं टाकून ओट्यापाशी उभी असायची. आमच्या घरात दारातून थेट ओटा दिसतो. त्या सकाळी मी टोमॅटो चिरत होते. म्हणजे सुरी टोमॅटोवर दाबत होते आणि टोमॅटो इकडून तिकडे सटकत होता. एवढ्यात दारातून आवाज आला, "अगो थांब! खाली ठेव ती सुरी!"

मी इतकी दचकले की सुरी खरोखरच सोडून दिली. दारात एक उंच, काटकुळे गृहस्थ उभे होते. हातात भाजीची पिशवी, खिशात टॉर्च. लिफ्ट चालू असूनही जिन्याने वर आल्यामुळे धापा टाकत होते. समोरच्या दारावरची 'श्रीधर पेडणेकर' ही पाटी मी वाचली होती, पण माणूस पहिल्यांदाच बघत होते.

"दाबतेस कशाला? दाबलीस की सटकते, सटकली की बोट. मी आत येऊ?" असं म्हणत ते आत आलेच. मी सुरी त्यांच्या हातात द्यायला गेले तर दोन पावलं मागे सरकले. "हातात नको. ओट्यावर ठेव. मी घेतो." त्यांचा तो नियम होता. सुरी या हातातून त्या हातात जायची नाही. एकाने ठेवायची, दुसऱ्याने उचलायची.

संध्याकाळी सुरी परत आली, वर्तमानपत्रात गुंडाळून, वर रबरबँड लावून. "सुरी आणलीय," असं त्यांनी दाराबाहेरूनच मोठ्याने सांगितलं, जसं काही एखादी वस्तू नाही, जनावर आणलंय. "धार लावलीय. सांभाळ. उद्या सकाळी विसरशील, म्हणून आत्ताच सांगतो, सांभाळ."

दुसऱ्या दिवशी मी ती टोमॅटोवर नुसती टेकवली. साल आपोआप उघडली. खरं सांगते, मला बरं वाटायच्या आधी भीती वाटली.

काका भांडुपच्या एका कारखान्यात डाय पॉलिश करायचे. डाय म्हणजे पोलादी साचा. त्यात प्लॅस्टिक भरून डबे, झाकणं, बादल्या काढतात. साचा आतून आरशासारखा लागतो, नाहीतर प्रत्येक डब्यावर तोच ओरखडा उठतो. ते काम हिऱ्याच्या भुकटीने करतात. उभी नोकरी काकांची त्या भुकटीत गेली. निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक नाना-नानी पार्कात जाऊ लागले. काकांनी ऑनलाइन हिऱ्याच्या पाट्या मागवल्या आणि सगळ्या बिल्डिंगच्या सुऱ्यांना धार लावायला घेतली. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना बोथट सुरी आसपास असलेली सहनच होत नसे.

या पाट्या म्हणजे पोस्टकार्डापेक्षा जरा लांब अशा स्टीलच्या पट्ट्या, वर हिऱ्याची भुकटी घट्ट बसवलेली. पहिली खरखरीत, मग एकेक मऊ होत गेलेली. सगळ्यात शेवटची इतकी बारीक, की बोट फिरवलं तर तिच्यावर काही आहे हेच कळू नये. काका तिला सायीची पाटी म्हणायचे. ती ते कोणाला हाताळू देत नसत. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकायचा, तो पाटीवर पसरायचा, सुरी एका कोनात टेकवायची आणि पुढे न्यायची. मागे आणायची. चेहऱ्यावर अशी काळजी, जणू तान्ह्या बाळाची नखं कापतायत.

"जोर कुठे लावताय तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"लावतच नाही. सुरीचं स्वतःचं वजन पुरे. हिरा आहे तो. त्याला तुझ्या ताकदीची काय गरज?"

पहिल्या पाटीचा आवाज जिन्यापर्यंत यायचा. सायीच्या पाटीचा आवाज जवळ बसल्याशिवाय ऐकूच येत नसे. पहिल्या पाट्यांवर घासताना धारेच्या पलीकडे केसासारखी बारीक कोर उभी राहते. ती या पाटीवर हळूच उतरवायची. "ती कोर राहिली तर सुरी आज चालेल, परवा दगा देईल," काका म्हणायचे. मग वर्तमानपत्राचं पान एका हातात लोंबतं धरून त्यात सुरी सोडायची. पान फाटता कामा नये, कापलं गेलं पाहिजे. शेवटी खिशातलं शाळकरी खोडरबर काढून ते पाटीवरची काळी पूड खोडून काढायचे. पूड राहिली की पाटी गुळगुळीत होऊन मरते म्हणे.

असा माणूस धीट असेल असं वाटतं. काका भयंकर घाबरट होते. गॅसचं बटण बघून बाहेर पडायचे आणि जिना उतरून पुन्हा बटण बघायला वर यायचे. लिफ्टमध्ये कधी पाऊल टाकलं नाही. वीज कडाडली की घरातले सगळे प्लग काढायचे, आमचेही काढायला यायचे. बिल्डिंगमधली पोरं त्यांच्यामागे हसायची. त्यांच्या बायकोने, शालनकाकूने, तर हे तोंडावरच सांगून टाकलं होतं, "कंपनीत ह्यांका घाबरूचोच पगार मिळायचो!"

कंपनीतलंच एक कारण होतं त्याला. ते काकांनी मला फार पुढे, सहज सांगावं तसं सांगितलं. बाजूच्या बाकावर काम करणाऱ्या सोबत्याचं हत्यार बोथट झालेलं. शिफ्ट सुटायला आली होती, कोण धार लावत बसणार, म्हणून त्याने रेटलं. हत्यार सटकलं आणि दुसऱ्या हातात घुसलं. काकांनी स्वतःचा शर्ट काढून त्याचा हात गुंडाळला आणि दवाखान्यापर्यंत तो घट्ट धरून बसले. "धार नसली की माणूस जोर लावतो," ते म्हणाले. "आणि जोर लावला की संपलं." एवढं बोलून उठले आणि माझा गॅस बघून आले.

शालनकाकू म्हणजे अगदी दुसरं टोक. ठेंगणी, गुटगुटीत, आवाज तीन मजले जाईल असा. तिला कशाचीच भीती नव्हती. बाजारात सुरमईच्या टोपलीसमोर अशी बसायची की कोळीण आपणहून भाव उतरवायची. घरी येऊन मासळी स्वतः कापायची, गप्पा मारत, मान वळवून, हाताकडे न बघता. काका दारात उभे राहून, "शालू, खाली बघ, शालू, खाली बघ" असा जप करायचे. मग ती मुद्दाम छताकडे बघून एक तुकडी कापायची. काका डोळे मिटून घ्यायचे. त्यांना टीव्हीसमोरून उठवायचं असलं की ती स्वयंपाकघरातून नुसती ओरडायची, "अहो, धार गेली हो!" गेलेली नसायचीच. पण काका उठायचे, पाट्यांचा डबा काढायचे, जमिनीवर मांडी घालायचे, आणि काकू समोर स्टुलावर बसून त्यांच्याशी बोलत राहायची. मला वाटतं, त्यांचा संसार असाच झाला असावा.

दुपारी माझे डबे गेले की काकू आमच्याकडे यायची. मेथी निवडायची, लसूण सोलायची, मला कोळंबीचं सुकं शिकवायची. एका दुपारी ती आली आणि दार स्वतःच आतून लावून घेतलं.

"वैशाली, तुमच्या नळाच्या पाण्याक वास येता?"

"नाही काकू. का?"

"आमच्या येता. कोणीतरी टाकीत कायतरी टाकता."

मी हसले. ती हसली नाही. पुढच्या आठवड्यात ती म्हणाली की भिंतीच्या आत माणसं बोलतात. मी म्हटलं, पाइपातला आवाज असेल. ती भिंतीला कान लावून उभी राहिली आणि माझ्याकडे बघून तिने ओठांवर बोट ठेवलं. तीन मजले जाणारा तिचा आवाज त्या दिवसांत बारीक होत गेला. बाजार बंद झाला. मासळी बंद झाली. दार वाजवलं की आतून छिद्रातून बराच वेळ बघायची आणि मग विचारायची, "तू वैशालीच मा?"

मी काकांना सांगितलं. त्यांना ठाऊक होतंच. चेंबूरला दिलेली त्यांची मुलगी, मेघा, डॉक्टरांची वेळ घेऊन आली, तर काकू पलंगाचा पाय धरून बसली, हलेना. मेघा रडत परत गेली. काका जिन्यात उभे होते. ज्या माणसाला लिफ्टची, विजेची, गॅसची भीती वाटायची, त्याला आता घरात भ्यायला काहीतरी खरं मिळालं होतं, आणि त्याचं बटण कुठे असतं ते त्यांना माहीत नव्हतं.

मग ती दुपार आली. काकू स्टुलावर बसून घेवडा निवडत होती. एकदम माझा दंड धरून कुजबुजली,

"वैशाली, घरात जो आसा मा, तो हे नाय."

"कोण नाही?"

"हे. माझे हे. तो त्यांच्यासारखो दिसता. चालता तसोच. धारपण तशीच लावता, शिकान इलो आसतलो. पण तो हे नाय."

बाहेर टळटळीत ऊन होतं, खाली कोणीतरी गाडी धूत होतं, रेडिओवर गाणं लागलं होतं. मी विचारलं, "मग काका कुठे आहेत?" तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "ताच काय कळना नाय गो. तेंका खय ठेवल्यानी ताच कळना नाय." माझा दंड तिने सोडला नव्हता. तोवर मला तिची भीती वाटत होती. त्या क्षणी कळलं की आमच्या सगळ्यांच्या भीतीची बेरीज केली तरी तिच्या एकटीच्या भीतीला पुरणार नाही. आपला माणूस हरवलाय, त्याच्या जागी भलताच कोणीतरी जेवतोय, झोपतोय, आणि हे कोणाला सांगायची सोय नाही.

त्यानंतर दोनेक दिवसांनी समोरून एक घाणेरडा आवाज येऊ लागला. लोखंड दगडावर खरवडल्याचा. दातांतून कळ जावी असा. मी गेले. काका न्हाणीघराच्या उंबऱ्याशी उकिडवे बसले होते. पुढ्यात घरातल्या सगळ्या सुऱ्या, मासळीचा कोयता, फळं कापायची छोटी सुरीसुद्धा. एकेक सुरी उचलून ते तिची धार कडाप्प्याच्या कडेवर घासत होते. उभी धरून. जोर लावून. घासायची, बोटाने बघायची, पुन्हा घासायची. बोट धारेवरून फिरवताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"काका..."

"उशीखाली मिळाली," ते मान वर न करता म्हणाले. "सकाळी चादर झटकली तर पडली. माझ्याच बाजूला टोक होतं."

काकू आतल्या खोलीच्या दारात उभी राहून बघत होती. काकांनी शेवटची सुरी कपाळाला लावली की घाम पुसला ते मला कळलं नाही. मग पाट्यांचा डबा उचलून त्यांनी माझ्या हातात दिला. "हा तुझ्याकडे राहू दे. आणि तुझ्या सुऱ्या आत ठेव. ती दुपारी येते ना तुझ्याकडे." जरा थांबून म्हणाले, "येऊ नको म्हणू नकोस तिला. तेवढंच एक घर राहिलंय."

मी सुऱ्या वरच्या कपाटात ठेवू लागले. लागेल तेव्हा एक काढायची, वापरायची, परत ठेवायची. बिल्डिंगमध्ये बातमी पसरायला वेळ लागला नाही. लोक काकांकडे दिलेल्या सुऱ्या परत मागून घेऊ लागले. 'धार नको, तशीच द्या' म्हणायचे. शेजारच्या विंगमधल्या बायका काकू दिसली की मुलांना हाताला धरून आत न्यायच्या. सेक्रेटरी सावंत एकदा काकांना जिन्यात गाठून म्हणाले, "काका, वाईट वाटून घेऊ नका, पण वहिनींना कुठेतरी ठेवायला हवं. उद्या काही झालं तर?" काका म्हणाले, "मलापण तीच भीती आहे, सावंत." एवढंच.

आणि झालंच. सकाळचे डबे भरून होत आले होते. काकू लवकरच येऊन बसली होती, शांत होती, मेथीची पानं खुडत होती. डबे न्यायला माणूस आला म्हणून मी पिशव्या घेऊन दारापर्यंत गेले, त्याच्याशी कुठला डबा कुठे ते बोलले, आणि वळले तर स्टूल रिकामं. मेथी जमिनीवर. ओट्यावर मी नुकतीच काढलेली लांब, पातळ सुरी नव्हती. काकू आमच्या बाजूने गेलेली मला दिसलीच नव्हती, इतकी ती पावलं न वाजवता गेली होती.

मी धावले. समोरचं दार सताड उघडं. उंबऱ्यात काका, हातात भाजीची पिशवी, नुकतेच जिना चढून आलेले. आणि आत, फ्रिजला पाठ लावून, दोन्ही हातांत सुरी धरून शालनकाकू.

"फुडे येव नको!"

ती सुरी काकांनीच सायीच्या पाटीवरून काढलेली होती. त्यांच्या घरातल्या सगळ्या सुऱ्यांची धार त्यांनी मारली होती, माझ्याकडची ही राहिली होती. ती किती कापते हे तिथे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं.

"काय केलंस तेंचा? खय आसत ते? सांग!"

काकांनी एक पाऊल टाकलं असेल-नसेल, तर तिने टोक उलटं फिरवून स्वतःच्या गळ्याशी आणलं. पिशवीतले बटाटे गडगडत जिन्यापर्यंत आले. आवाज ऐकून सावंत वर आले होते. बघितलं आणि त्यांनी फोन काढला. "पोलिसांना लावतो..."

"फोन ठेव," काका मागे न बघता म्हणाले. "आणि आवाज नको."

मी त्यांच्या मागेच उभी होते. ते खाली बसले. उंबऱ्यातच, मांडी घालून. मग म्हणाले, "वैशाली, माझा डबा आण."

मला वाटलं त्यांचं डोकं फिरलं. पण मी पाट्यांचा डबा आणला. त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. पाटी ठेवली, तीच, सायीची. मी पाण्याची वाटी दिली, तर हात असा कापत होता की अर्धं पाणी कागदावर सांडलं. ही सगळी मांडामांड त्यांनी काकूकडे न बघता केली.

"शालनबाय," ते म्हणाले. त्या नावाने त्यांनी तिला कधी हाक मारली नसेल. "मी तुझो घोव नाय. बरा. मी धार लावणारो."

काकूने टोक गळ्याशी तसंच ठेवलं.

"तेंनी बोलावल्यानी माका. बोलले, सुरयेची धार गेली हा, जावन लावन ये."

"खोटा." तिचा आवाज कापला. "तेंका लावक येता. दुसऱ्याक कित्याक बोलवतीत?"

"हाताक लागला हा तेंच्या. म्हणान."

"लागला?" सुरी जराशी खाली आली. "खूप लागला?"

"नाय. बरा होतला. पण धार लावक जमना नाय."

सावंत श्वास घेतानाही आवाज होऊ नये म्हणून तोंडावर हात ठेवून उभे होते. मला काकूच्या गळ्यावरची ती नाडी उडताना दिसत होती, आणि तिच्यापासून पातं कितीसं लांब आहे, एवढंच मी बघत होते.

"ते इल्यावर बघतले हां," काकू शेवटी म्हणाली. "नीट नाय लागली तर तेंका समाजता."

"समजांदे. तेंका दाखव."

ती खाली वाकली. सुरी तिने त्यांच्या हातात दिली नाही. लादीवर ठेवली आणि पायाने नव्हे, हाताने हळूच पुढे सरकवली. इतक्या वर्षांची सवय. काकांनी वाट बघितली, तिचा हात मागे जाईपर्यंत, आणि मग उचलली.

मला वाटलं, आता ते ती मागे फेकतील. सावंतही त्याच तयारीने पुढे झाले. काकांनी मान हलवून त्यांना थांबवलं. सुरी पाटीवर टेकवली आणि खरोखरच धार लावायला सुरुवात केली. पुढे, मागे. पुढे, मागे. थरथरता हात पाटीला लागला तसा हळूहळू स्थिर होत गेला. काकू फ्रिजला टेकून खाली बसली आणि बघू लागली. त्या बारीक आवाजाशिवाय घरात काही नव्हतं.

"तुझो हात तेंच्यासारखोच चलता," ती म्हणाली.

काकांचा हात क्षणभर थांबला. "तेंनीच शिकवला," ते म्हणाले, आणि पुन्हा चालू लागला.

सुरी त्यांनी कागदात गुंडाळली आणि माझ्या पायाशी ठेवली. मी ती उचलून घरी नेली, वरच्या कपाटात टाकली, कुलूप लावलं आणि कपाटाला धरून उभी राहिले. परत गेले तेव्हा काकू दमलेल्या मुलासारखी भिंतीला डोकं टेकून बसली होती आणि काका तिच्यापासून हातभर लांब. जवळ जायची त्यांची छाती होत नव्हती.

दवाखान्यात सावंतांच्याच गाडीने नेलं. मेघा तिकडे परस्पर आली. 'धार लावणारा' आणि मी मागच्या सीटवर काकूच्या दोन बाजूंना. वाटेत तिने मला हळूच सांगितलं, "माणूस बरो आसा गो. उगाच भियालंय." काका खिडकीतून बाहेर बघत होते. पूर्ण रस्ताभर बाहेरच बघत होते.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, काकूला काही दिवस ठेवून घेतलं. या वयात मेंदूला असं होऊ शकतं, त्यांनी सांगितलं. औषधाने पुष्कळ कमी होईल, पण पूर्ण जाईलच असं सांगता येत नाही. काका मला पुन्हा पुन्हा विचारत, "पुष्कळ म्हणजे किती, वैशाली?" मी काय सांगणार! भिंतीतली माणसं आधी गप्प झाली. मग पाण्याचा वास गेला. एका सकाळी काका डबा घेऊन वॉर्डात गेले तर काकू म्हणाली, "दाढी कित्याक नाय केल्यात? रोगट दिसतास." काकांनी हे मला फोनवर सांगितलं. सांगताना मध्येच त्यांचा आवाज बंद झाला. मला वाटलं फोन कटला.

घर मात्र त्यांनी सोडलं. कोणी काढलं नाही. सावंत तर 'राहा हो काका' म्हणायला दोनदा येऊन गेले. पण मेघाच्या घराजवळ तळमजल्यावर जागा मिळाली आणि मेघाला आईच्या औषधांवर स्वतःची नजर हवी होती. सामान गेलं त्या दिवशी काका प्लग बघून गेले, त्यांच्या रिकाम्या घरातले आणि आमच्याही घरातले.

मध्यंतरी मी चेंबूरला गेले होते, एका मोठ्या ऑर्डरचं बोलायला. काम उरकलं तसा मेघाच्या घराचा रस्ता विचारत निघाले. दुपार उतरत होती. एका गल्लीच्या तोंडाशी ते दोघं लांबून दिसले. काकू पुढे, पिशवी हलवत, पूर्वीसारखी भराभर. काका चार पावलं मागे. मी हाक मारणार होते.

तेवढ्यात काकू थांबली आणि तिने वळून मागे बघितलं. काका जागच्या जागी थबकले. एक पाय फुटपाथवर, एक रस्त्यावर. हात अंगाशी घेतलेले. एक रिक्षा हॉर्न वाजवत अंगावरून गेली, ते हलले नाहीत. तिची नजर त्यांच्या चेहऱ्यावर फिरत होती आणि ते ती फिरू देत होते, शाळेत छडी खायला उभं राहिलेल्या पोरासारखे, तोंडातून शब्द न काढता. हे त्यांचं रोजचं असावं. ती प्रत्येक वेळी मागे वळली की हे असंच थांबणं, आणि आज आपण कोण ठरतो याची वाट बघणं. मी हाक मारली नाही.

"चला ना," काकू म्हणाली. "काय उभे रवलात?"

काकांनी दुसरा पाय फुटपाथवर घेतला आणि तिच्या मागून चालू लागले.